त्याच्या नावाची नळी

कंपनीत माझी ख्याती खडूस माणूस अशी आहे, आणि ती मी मेहनतीने कमावलेली आहे. पिरंगुटच्या पुढे घोटावड्याच्या बाजूला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना आहे. तिथल्या क्वालिटी विभागात मी एकवीस वर्षं काढली. काम म्हटलं तर सोपं आहे: मशीनवरून निघालेला भाग मोजायचा आणि आकडा लिहायचा. पण माणसाला मोजायचा कंटाळा येतो. दहा भाग बरोबर निघाले की अकराव्याला गेज न लावताच तो आधीचाच आकडा लिहून मोकळा होतो. असा न मोजता लिहिलेला आकडा मला नुसता कागद बघून ओळखता येतो, आणि अशा कागदापायी मी भल्याभल्यांना सगळ्यांदेखत झापलेलं आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचताना कुणाला माझी दया येऊ नये.

माझा मित्र आमच्याच कंपनीत टूलरूमला होता. तो नांद्याचा, पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच. मी परभणीकडून नोकरीसाठी आलो तेव्हा त्याच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहिलो. वर्षभर राहीन म्हणून आलो आणि सहा वर्षं हललो नाही. नांद्यात भाडेकरूला सगळे साहेबच म्हणतात, मग तो साहेब असो की नसो. पण मित्राच्या बायकोने मला पहिल्याच आठवड्यात भावजी करून टाकलं. मीही तिला वहिनी म्हणू लागलो. माझं लग्न झालं, बायको आली, तिला चुलीवरची भाकरी थापायला वहिनीनेच शिकवलं. पुढे आम्ही भुकूमला फ्लॅट घेतला, पण दर दिवाळीला पहिला फराळ नांद्याचा, हे काही मोडलं नाही.

माझी मुलगी झाली त्या वेळी हजेरीला कार्ड मारावं लागायचं. नवीन नोकरी, रजा शिल्लक नाही आणि बायको दवाखान्यात. मित्राने दोन दिवस स्वतःच्या कार्डाबरोबर माझंही कार्ड मारलं. सापडला असता तर दोघांनाही घरी बसावं लागलं असतं. त्याने ते कधी बोलूनसुद्धा दाखवलं नाही. आमच्याकडे तेव्हा ही रीतच होती. अडलेल्याचं कार्ड मारायचं आणि विसरून जायचं. आता मशीन चेहरा बघतं, आणि चेहरा काही उसना देता येत नाही. पण सवय अंगात राहिली होती, हे मला फार उशिरा कळलं.

तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या आरोग्य सप्ताहात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा विषय निघाला. आमच्या एचआरच्या मॅडम उत्साही. दरवर्षीचं तेच ते डोळे तपासणं आणि रक्तदाब बघणं त्यांना पुरे झालं होतं. त्यांनी एका हॉस्पिटलमधून एक तरुण डॉक्टरबाई बोलावल्या. पंचेचाळीशीच्या पुढच्या सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवलं आणि डॉक्टरबाईंनी पडद्यावर चित्रं दाखवत समजावून सांगितलं. आतड्यात आधी लहान कोंब येतात, ते दुखत नाहीत, खुपत नाहीत. त्यातले काही पुढे वर्षानुवर्षांनी बिघडतात. त्यांतून कधीकधी डोळ्यांना न दिसणारं रक्त जातं, आणि ते शोधायला ही साधी तपासणी. घरी एका छोट्या नळीत काडीने शौचाचा नमुना घ्यायचा, झाकण लावायचं, नाव लिहायचं, आणून द्यायची. रक्ताचा अंश सापडला तर दुर्बिणीची तपासणी. कोंब वेळेवर सापडला तर तिथल्या तिथे काढता येतो.

डॉक्टरबाई निम्मं इंग्रजीत, निम्मं हिंदीत बोलत होत्या. त्याचं मराठी करायला मॅडमनी मला पुढे उभं केलं होतं. शिवाय आरोग्यमित्र म्हणून पिवळा बिल्ला दिला. भिंतीवर लावायचे कागदही मराठीत मीच लिहिले. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे, कारण कॅन्टीनच्या बेसिनवर ते वर्षभर चिकटलेलं होतं आणि हात धुताना रोज समोर यायचं: ‘रक्त दिसलं तर ती मूळव्याधच आहे असं घरबसल्या ठरवू नका. ज्यांना रक्त दिसतं त्यांनी नळीची वाट न बघता थेट डॉक्टरांकडे जावं.’ अक्षर माझं बरं आहे.

नळ्या वाटल्या आणि कंपनीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. डब्यावर हा विषय नको म्हणून ओरडणारेच जास्त बोलत होते. नळ्या मात्र ड्रॉवरमध्ये पडून राहिल्या. लाज वाटते, किळस वाटते, बायको काय म्हणेल, आणि काही निघालं तर काय, हे शेवटचं कुणी बोलत नव्हतं. मग मॅडमनी आमच्या लोकांची नाडी ओळखली. त्यांनी स्पर्धा लावली. ज्या विभागाच्या शंभर टक्के नळ्या आधी परत येतील त्याला फिरती ढाल, आणि कासारसाई धरणाच्या काठी मटणाचं जेवण. दुसऱ्या दिवसापासून नळ्या धडाधड यायला लागल्या. आमचे लोक कॅन्सरला भितात की नाही माहीत नाही, पण पेंट शॉपवाल्यांनी आपल्यापुढे जाणं त्यांना सोसत नाही.

क्वालिटी आणि टूलरूमचा मिळून एकच विभाग धरला होता. पंचेचाळीशीपुढचे आम्ही नऊ जण. आठ नळ्या आल्या. नववी माझ्या मित्राची.

"माजी शी कंपनीला कशाला पायजे?" तो म्हणाला.

"सगळ्यांचीच पाहिजे."

"मंग सगळ्यांची घ्या. माजी नगं."

दोन दिवस असंच चाललं. पेंट शॉपचेही दोनच राहिले होते. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने मला स्वतःहून गाड्यांच्या शेडमागे नेलं.

"हे बघ, तुला म्हनून सांगतुया. मला मूळव्याध हाय. कवाकवा रक्त पडतंय. त्या नळीत रक्त घावलं की ती डाक्टरीन मला दुर्बिणीला झोपिवनार. कशापायी? मला म्हाईत हाय ना काय हाय ते."

"किती दिवस पडतंय?"

"झालं असंल वरीस. पुडी घेतुया एका वैद्याची. थांबतंय, परत येतंय. हिनं रोज कटकट लावलीया, डाक्टरला दावा, डाक्टरला दावा. आनि आता तू."

बेसिनवरचा कागद तिथून वीस पावलांवर होता. मी त्याला हाताला धरून त्याच्यापुढे उभा करायला हवा होता. त्याला शिव्या घालायला हव्या होत्या, तसा मी काही शिव्यांच्या बाबतीत कंजूष नाही. डॉक्टरबाईंचा नंबर माझ्या खिशात होता. यातलं मी काहीही केलं नाही. मला त्याचा कसनुसा झालेला चेहरा दिसला, ती जुनी कार्डं आठवली, आणि खरं सांगायचं तर पेंट शॉपचे ते दोघेही डोळ्यांपुढे आले. मी म्हणालो, "नळी दे इकडे. मी भरतो."

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो इतका हसला की त्याला खोकला आला.

"पण डॉक्टरला एकदा दाखव," मी म्हणालो.

"दावतो की," तो म्हणाला, आणि डॉक्टरचा विषय आमच्यापुरता तिथे संपला.

मी माझी नळी आधीच दिलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भुकूमच्या घरी मी त्याची भरली. बायकोने विचारलं, परत कशाला? मी सांगितलं, पहिली नीट बंद झाली नव्हती. यादीत बघून त्याची जन्मतारीख घातली, माझ्या बऱ्या अक्षरात त्याचं नाव लिहिलं आणि नेऊन डब्यात टाकली. मॅडमच्या फळ्यावर आमच्या विभागापुढे शंभर लिहिलं गेलं तेव्हा टूलरूममध्ये पाने वाजवून दंगा झाला. त्यात तोही होता आणि मीही होतो. तोवरच्या अठरा वर्षांत एकही न मोजलेला आकडा मी कागदावर जाऊ दिला नव्हता. हा पहिला आणि तो मी स्वतः लिहिला.

कासारसाईला मटण झकास झालं होतं. धरणाच्या भिंतीवर ढाल मध्ये धरून आम्हा सगळ्यांचा फोटो आहे. त्यात तो माझ्या खांद्यावर हात टाकून उभा आहे.

रिपोर्ट बंद पाकिटातून आले. त्याच्या पाकिटात काय असणार हे मला माहीत होतं, कारण माझ्यातही तेच होतं: रक्ताचा अंश आढळला नाही. मला वाटलं तो ते फाडून टाकेल. त्याने ते घरी नेलं आणि वहिनीच्या हातात ठेवलं. चार दिवसांनी मला म्हणाला, "तुज्यामुळं घरात शांतता झाली बघ. आता कटकट न्हाई." तेव्हा मी हसलो होतो. ते हसणं मला आजही आठवतं.

त्यानंतर वर्षभर त्याने त्या पुड्यांवर काढलं. मी अधूनमधून विचारायचो, तो ‘बरं हाय’ म्हणायचा. त्याच्या पट्ट्याला दोन भोकं नवीन पाडलेली मी पाहिली होती. माप घेणं हे माझं पोटापाण्याचं काम, तरी ती दोन भोकं बघून मी म्हणालो, "बारीक झालास, बरं दिसतं." पुढच्या उन्हाळ्यात तो टूलरूममध्ये चक्कर येऊन पडला. अंगात रक्त उरलं नव्हतं. हॉस्पिटलात नेल्यावर सगळ्या तपासण्या झाल्या. आतड्यातली गाठ मोठी होती आणि यकृतापर्यंत पोचली होती.

डॉक्टर वहिनीला समजावत होते तेव्हा मी शेजारी उभा होतो. तिने पिशवीतून फाइल काढली आणि तो रिपोर्ट त्यांच्यापुढे धरला.

"सायेब, ह्यो बगा. मागल्या वर्साचा. ह्याच्यात तर काय न्हाई म्हनलंय."

डॉक्टरांनी तो नीट वाचला. "ताई, ही तपासणी शंभर टक्के नसते. कधीकधी सुटतं तिच्यातून," ते म्हणाले. चांगला माणूस होता, तिला बरं वाटावं म्हणून हळू बोलत होता. तपासणीतून काही सुटलं नव्हतं. तपासणी झालीच नव्हती. मी तोंड उघडलं, आणि खाटेवरून मित्राने माझ्याकडे बघून मान हलवली. नको म्हणून.

नंतर नांद्याला घरी असताना, वहिनी चहा करायला आत गेल्यावर, तो म्हणाला, "तिला सांगू नगंस. नळी माजी व्हती, मी दिली. तुजं नाव कशाला त्यात?" आणि मी बरं म्हणालो. तो मरणाच्या दारात माझी काळजी करत होता आणि मी ती करू दिली. मला तेच हवं होतं. दिवाळीला नांद्याहून फराळ आला नाही, आणि तुळशीच्या लग्नाआधी तो गेला.

माझं गप्प बसणं कदाचित तसंच चाललं असतं. पण तो गेल्यानंतरचा पहिला आरोग्य सप्ताह आला, मॅडमनी मला पुन्हा बिल्ला दिला, आणि नळ्या वाटायला गेलो तर टूलरूममधल्या एकानेही हात पुढे केला नाही. "त्याचा रिपोर्ट चांगला व्हता की," सगळ्यांचं तेच म्हणणं. "काय उपेग झाला?" कॅन्टीनमध्ये इतर विभागांतही तेच. माझ्या खोट्या नळीने मित्राचं जे करायचं ते केलंच होतं, आता ती साऱ्या कंपनीला सांगत सुटली होती की तपासून काही फायदा नसतो.

त्याहून वाईट गोष्ट नांद्याला होती. मित्राला एक धाकटा भाऊ आहे, चव्वेचाळीसचा. जमीन विकून झाल्यावर उरलेल्या जागेत खोल्या बांधून तो आयटीच्या पोरांना भाड्याने देतो. डॉक्टरांनी मित्राला घरी सोडताना बजावून सांगितलं होतं की सख्ख्या भावाला धोका जास्त, त्याने नळीवर न थांबता सरळ दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. मी त्याला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच उत्तर, दादाचा रिपोर्ट चांगला होता. शेवटी एका रविवारी दुपारी मी गाडी काढून गेलो.

वहिनी ओट्यावर पावटा सोलत बसली होती. समोर, जिथे त्यांचं भाताचं खाचर होतं, तिथे आता बारा मजले उभे आहेत. मी भावाचा विषय काढला.

"नगं, भावजी," ती म्हणाली. "त्या तपासन्यांवर माजा इस्वासच न्हाई ऱ्हायला. मीच नगं म्हनलं त्यानला."

"वहिनी, तो रिपोर्ट त्याचा नव्हता."

"मंग कुनाचा व्हता?"

"माझा. त्याच्या नावाची नळी मी भरली होती."

तिने हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले, दुसरी शेंग घेतली. मी सगळं सांगितलं. शेडमागचं बोलणं, ढाल, पेंट शॉप, कासारसाई. काही गाळलं नाही. हॉस्पिटलात त्याने मान हलवली तेही सांगितलं.

"त्येनला म्हाईत व्हतं, रिपोर्ट त्येंचा न्हाई ते?"

"होतं."

"मला न्हवतं," ती म्हणाली. "मी रोज मागं लागले व्हते, डाक्टरला दावा म्हनून. मी त्येनला नेलंच असतं, भांडून नेलं असतं. तो कागद आला आनि मी गप बसले. वरीसभर गप बसले."

माफी मागावी असं मनात होतं, पण शब्द ओठांपर्यंत आले आणि माझे मलाच ते स्वस्त वाटले. आणखी एक शेंग सोलून तिने विचारलं, "तुमचं पोट नीट हाय ना?"

"हो."

"मंग झालं."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. तिने दिराला हाक मारली. तो खोल्यांच्या बाजूने आला. ती म्हणाली, "उद्या ह्यांच्यासंगं हास्पिटलात जावा. दुर्बिनीचं काय ते करून घ्या." त्याने कशापायी म्हणून विचारलं. "मी सांगतीया म्हनून," ती म्हणाली. माझ्याविषयी ती त्याला एक शब्दही बोलली नाही.

तपासणीचा दिवस पुढच्या आठवड्यात मिळाला. दरम्यान मी मॅडमना सगळं सांगितलं. त्याची जी शिक्षा व्हायची ती झाली, ती इथे उगाळत नाही. ढालीची स्पर्धा त्यांनी त्याच दिवशी बंद केली. वहिनीला विचारून मी टूलरूममध्ये माणसं गोळा केली आणि उभं राहून सांगितलं की तो चांगला रिपोर्ट माझा होता. त्यातले दोघे-तिघे आजही माझ्याशी बोलत नाहीत, पण नळ्या परत आल्या. हळूहळू, कुणाशी चढाओढ न करता, एकेक करून आल्या.

भावाच्या आतड्यात दोन कोंब सापडले. त्यांतला एक मोठा होता, अजून बिघडलेला नव्हता. दोन्ही काढले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. ते ऐकून मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडलो. मित्राला त्या दिवशी शेडमागून धरून इथे आणलं असतं तर हेच वाक्य कुणीतरी त्यालाही म्हणालं असतं.

भावाला घेऊन मीच नांद्याला गेलो आणि वहिनीला बातमी सांगितली. तिने हात जोडले, देवाला की कुणाला कळलं नाही. भावाला आत जाऊन पडायला सांगितलं. मग ती कपाटातून फाइल घेऊन आली. तिच्यात मित्राची हॉस्पिटलची सगळी कागदपत्रं तारखेप्रमाणे लावलेली होती. सगळ्यात वरचा, जपून प्लास्टिकमध्ये घातलेला तो रिपोर्ट तिने काढला आणि माझ्या हातात दिला.

"ह्यो तुमचा हाय, सायेब," ती म्हणाली. "न्या."

वीस वर्षांत तिने मला कधी साहेब म्हटलं नव्हतं.